एका इंचाचं भांडण

“एवढंसं?” मी विचारलं.

चंदनानं दोन्ही हातांनी हवेत एक चौकोन करून दाखवला होता. त्यात दिवाळीच्या चकल्यांचा डबा जेमतेम मावला असता.

“होय की. एवढंच पाहिजे मला.”

“कॉम्प्युटर घेतेयस की खेळणं?”

“आई, आता असे मिळतात. सुटे भाग निवडायचे, आणायचे आणि घरी बसून जोडायचे. लहान पाहिजे आणि आवाज येता कामा नये. बाकी माझं काही म्हणणं नाही.”

“आपल्या घरात जागेला काय तोटा आहे का? चांगला उभा, दणकट घे.”

“लहानच बरा,” असं म्हणून तिनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

आम्ही मागच्या कट्ट्यावर बसलो होतो. जेवणं झाली होती आणि अजून नारळाच्या शेंड्यावर ऊन होतं. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात. उन्हाळ्यात त्याचं काही वाटत नाही. पण थंडीच्या दिवसांत साडेपाचला ताटं घासून पालथी पडली की पुढे संध्याकाळ केवढी मोठी उरते, हे नऊला जेवणाऱ्या लोकांना कळायचं नाही. घर भरलेलं असलं की ती गप्पांत निघून जाते. आमच्या घरात आम्ही दोघीच उरलो होतो, सासू आणि सून. माझे यजमान आधीच गेले होते. मग सन्मती, माझा मुलगा, साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. त्याला तीन वर्षं होत आली होती. चंदनाला माहेरच्यांनी नेण्याचा प्रयत्न केला, ती गेली नाही. “आई एकट्या पडतील,” असं तिनं सरळ सांगितलं होतं. ते वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं आणि अडीअडचणीला काढून बघत होते.

नवीन कॉम्प्युटरची गरज खरीच होती. चंदना आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायची. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून धडे बोलायची, रेकॉर्ड करून पाठवायची. त्यासाठी सन्मतीचाच कॉम्प्युटर वापरत होती. तो म्हणजे लहान कपाट होतं. एका बाजूला काच, आत निळे-तांबडे दिवे आणि पाच-सहा पंखे. सन्मती त्यावर घरांचे नकाशे काढायचा. सुरू केला की तो जो घोंघावायचा, तो बंद करेपर्यंत. कंपनीनं दोन धडे परत पाठवले होते आणि वर विचारलं होतं, ‘मॅडम, मागे पिठाची गिरणी चालू आहे का?’

खरं सांगायचं तर मला ती घरघर आवडायची. आतल्या खोलीतून ती सुरू झाली की पोरगा घरी आहे असं वाटायचं. तो गेल्यावरही वाटायचं. पण हे सुनेला काय सांगायचं? धडे परत आले तर तिचं काम जाईल, हे मलाही कळत होतं.

‘आवाज नको’ हे मला पटलं होतं. ‘लहान’ कशाला, ते विचारायची गरजच नव्हती. मला एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे चंदना जाईल. आणि लहान वस्तू माणूस जाताना बरोबर नेतं.

त्या कंपनीतला श्रेणिक म्हणून एक जण एकदा माईक द्यायला सांगलीला आला होता. पस्तिशीचा, शांत. पोहे खाल्ले आणि प्लेट स्वतः विसळून पालथी घातली. ती पालथी प्लेट बघूनच मी काय ते ओळखलं होतं. त्यानंतर चंदनाला संध्याकाळी फोन येऊ लागले. फोन आला की ती गच्चीवर जायची.

मी टेलिफोन खात्यात होते. उमेदीची सगळी वर्षं ट्रंक बोर्डावर काढली. दोन गावं जोडून द्यायची, बोलणं सुरू झालं की आपला कान काढून घ्यायचा, असा आमचा नेम. कुणाचं मरण, कुणाचं लग्न, कुणाची उधारी माझ्या हातून इकडून तिकडे गेली. मी ऐकली नाही. त्यामुळे जिन्यात उभं राहून सुनेचं बोलणं ऐकणं मला जमण्यासारखं नव्हतं आणि तोंड उघडून विचारणं तर त्याहून नाही. पण न ऐकताही समजतं. गच्चीवर जाताना तिची पावलं भरभर पडायची, आणि उतरताना ती गुणगुणायची. सन्मती गेल्यापासून या घरात कुणी गुणगुणलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं की कॉम्प्युटर मोठाच घ्यायचा. मोठं धूड कुणी काखोटीला मारून पुण्याला नेत नाही. सामान जड असलं म्हणून बाई थांबते का, असा साधा प्रश्न त्या वेळी माझ्या डोक्यात आला नाही.

मी अभ्यासाला लागले. दुपारी चंदना धडे बोलायची तेव्हा मी पलीकडच्या खोलीत मोबाइलवर पोरासोरांचे व्हिडिओ बघायची. लवकरच मला मुद्दा सापडला आणि संध्याकाळी कट्ट्यावर मी तो टाकला.

“हे बघ, चंदना. मोठा पंखा सावकाश फिरतो. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जिवाच्या आकांतानं फिरावं लागतं. म्हणजे लहान घेतलास की आवाज आला. शांत पाहिजे असेल तर मोठाच घ्यायला लागतोय.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? मला काय डोकं नाही?”

“पण आई, मुळात आत उष्णताच कमी झाली तर? मी ग्राफिक्स कार्ड घेणारच नाही. सन्मतींना नकाशाला लागायचं. मला गणिताला काय करायचंय? कमी वीज खाणारा प्रोसेसर घ्यायचा. मग पंखा लहान असला तरी निवांत फिरेल.”

“सांगलीचा उन्हाळा बघितलायस ना? मे महिन्यात माणसं तापतात, तुझा डबा तापणार नाही होय?”

“तिथं एवढं ऊन नस...” असं म्हणता म्हणता ती थांबली.

“तिथं कुठं?”

“आतल्या खोलीत,” ती म्हणाली. “आतल्या खोलीत ऊन येत नाही.”

तिनं घाईनं मोबाइल पुढे केला आणि आम्ही पुन्हा डब्यांची चित्रं बघू लागलो.

असं रोज. जेवण झालं, ओटा पुसला की भांडण सुरू. मी एक उंच कॅबिनेट दाखवायची, ती एक बुटकं दाखवायची. मी रुंद पंखा दाखवायची, ती म्हणायची झाकण लागणार नाही. एकदा मी बरीच माघार घेऊन एक मधला शोधला. तिच्यापेक्षा फक्त एक इंच उंच.

“एक इंच पण नको,” चंदना म्हणाली.

“एका इंचानं काय आभाळ कोसळणार आहे?”

“नको म्हणजे नको, आई.”

“हट्टी आहेस.”

“तुमच्याकडूनच शिकले.”

अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच भांडत बसलो होतो. किती तरी दिवसांत एवढी चांगली संध्याकाळ गेली नव्हती.

शेवटी तंटा सोडवायला आम्ही मुजावरांच्या दुकानात गेलो. स्टँडच्या मागच्या बाजूला पहिल्या मजल्यावर त्यांचं दुकान होतं, खोक्यांनी छतापर्यंत भरलेलं. मुजावर पन्नाशीचे, गमत्या स्वभावाचे. त्यांनी दोघींचं सगळं ऐकून घेतलं.

“दोघींचं पण बरोबर आहे,” ते म्हणाले.

“असं वकिलासारखं बोलू नका,” मी म्हटलं.

“मग कानांनाच विचारू की, काकू. एक मोठा जोडलेला आहे आणि एक लहान. दोन्ही ऐका.”

त्यांनी दार लावलं, खिडकी लावली, डोक्यावरचा पंखा बंद केला. आधी मोठा सुरू केला. अगदी हलका, झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढा आवाज आला. मग तो बंद करून त्यांनी लहान सुरू केला. मी पुढे वाकले. काहीच नाही. आणखी वाकले. तरी काही नाही.

मी खट्टू झाले. पण कानाच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही. दहा गावांच्या खरखरीतून एक आवाज वेगळा काढणारा माझा कान. खात्यात त्याचं नाव होतं.

“हरले,” मी म्हटलं. “हा लहान एकदम शांत आहे. चालू आहे की नाही तेसुद्धा समजत नाही. घेऊन टाक, चंदना.”

मी वर बघितलं. चंदनानं एका कानावर हात ठेवला होता आणि कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

“आई, शिट्टी वाजतेय की.”

“कुठं?”

“ह्याच्यातच. केवढी बारीक, कानात घुसतेय.”

“काकू गंमत करताहेत,” मुजावर म्हणाले. “हा शिट्टीवाला आहे. पंखा नाही, पॉवर सप्लाय शिट्टी मारतोय. हा घेऊ नका हे सांगायलाच तर ठेवलाय मी.”

“मी गंमत करत नाही,” मी म्हणाले.

त्यांना वाटलं असावं की मी अजून थट्टेतच आहे. त्यांनी मला पाठ फिरवायला सांगितलं. मागे बटण दाबल्याचं ऐकू आलं.

“आता चालू की बंद?”

“बंद.”

“आता?”

“बंद.”

“आता, काकू?”

मी वळून बघितलं तेव्हा मुजावरांचा हात बटणावर तसाच होता आणि चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. त्यांनी मशीन बंद केलं, दार उघडलं आणि खाली हाक मारून तीन चहा सांगितले.

“बारीक आवाज आधी जातात, काकू. वयाचं आहे. माझ्या आईचं पण तसंच झालंय,” ते म्हणाले. चांगला माणूस. पण मला ते नको होतं. चहा कसा लागला हे आठवत नाही.

रिक्षात चंदना बाहेर बघत बघत म्हणाली, “परवा गॅसवाला बेल न वाजवताच परत गेला म्हणून मी त्याला फोनवर बोलले. तो शपथ घेऊन सांगत होता, दोनदा वाजवली म्हणून. तुम्ही घरातच होता.”

“मी देवापुढे बसले असेन.”

“आणि मागच्या आठवड्यात कुकर करपला.”

“डाळच तसली होती.”

घरी आल्यावर मी ओट्याशी उभी असताना तिनं मागून अगदी हळू ‘आई’ अशी हाक मारली. मी लगेच ओ दिली, आणि ‘बघ, येतं की नाही ऐकायला’ अशा थाटात वळले. ती दारात अगदी रडवेली होऊन उभी होती. मग मला कळलं की ती पहिली हाक नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कट्ट्यावर आली आणि म्हणाली, “मोठाच घेऊ या.”

“काय?”

“मोठा कॉम्प्युटर. तुम्ही म्हणत होता तो. लहानाची काही गरज नाही. इथंच तर राहायचंय.”

मला आनंद झाला. उगीच कशाला लपवू? एवढा आनंद झाला की मला काही सुचेना. माझ्या कानानं जाता जाता माझं काम केलं होतं. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि तिला म्हटलं, “बघ, तुझी इच्छा असेल तर.”

“माझी इच्छा आहे.”

“मग तो काळा, उंच बघू या का?”

“बघा की.”

“का पांढरा?”

“तुम्ही म्हणाल तो.”

मोबाइल वाजला. तिनं नाव बघितलं आणि फोन कट्ट्यावर पालथा ठेवला. तो पालथा राहूनच थरथरत होता. ती गच्चीवर गेली नाही.

पुढचे काही दिवस तसेच गेले. चंदना माझी काळजी घेऊ लागली. बेल वाजली की धावत येऊन दार उघडायची. कुकरच्या शिट्ट्या स्वतः मोजायची. आणि माझ्याशी मोठ्यानं बोलू लागली. भांडताना माणूस मोठ्यानं बोलतं ते वेगळं. ही एक एक शब्द सुटा करून, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशी बोलायची. “आई, भाजी, कुठली, करू?” मला तिडीक यायची, पण काय म्हणणार? मीच मागून घेतलं होतं.

जेवण झालं की ती मोबाइल घेऊन माझ्याशेजारी बसायची. मी कॅबिनेट दाखवलं की ‘छान आहे.’ पंखे दाखवले की ‘चालतील.’ मी मुद्दाम चुकीचा भाग दाखवला, त्या कॅबिनेटात बसणार नाही असा. ती ‘घेऊ या’ म्हणाली. जी पोरगी एका इंचासाठी माझ्याशी अंधार पडेपर्यंत भांडली होती ती.

शेवटी मी म्हटलं, “गुलाबी दिव्यांचा घेऊ का? आत पाच गुलाबी पंखे, लग्नाच्या मांडवासारखे?”

ती हसेल म्हणून मी वाट बघितली. चिडेल म्हणून वाट बघितली.

“घ्या की,” ती म्हणाली.

माझ्या हाताला तिचा खांदा लागत होता इतकी ती जवळ बसली होती, आणि त्या कट्ट्यावर मी एकटीच होते. सन्मती गेला तेव्हाही मी इतकी एकटी नव्हते. तेव्हा रडायला तरी ती माझ्याबरोबर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती धडा बोलायला बसली आणि मी चप्पल घालून मुजावरांच्या दुकानात गेले.

“काकू, तुमचा मोठा ठरला की,” मुजावर म्हणाले. “सूनबाईंचा फोन येऊन गेला.”

“तो नको. लहान दाखवा. शिट्टी नको. मला ऐकू येत नाही, तेव्हा माझ्यासाठी तुम्ही ऐका.”

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता खोकी उतरवायला लागले. मी एक एक कॅबिनेट एका हातानं उचलून बघितलं.

“असं का बघताय?”

“हातातून न्यायचाय. पुण्याला,” मी म्हणाले. हे मी पहिल्यांदा तोंडानं म्हटलं आणि ते दुकानात म्हटलं गेलं, याचं मला बरं वाटलं. घरी म्हणायची सवय तरी झाली.

मुजावरांनी मन लावून निवडलं. कमी वीज खाणारा प्रोसेसर. त्याच्यावर बसायला पातळ पण रुंद पंखा, झाकणाच्या आत मावणारा. फिरणारी डिस्क नको, म्हणजे तिचा आवाजच नको. आणि काम हलकं असलं की आपला पंखा थांबवून ठेवणारा पॉवर सप्लाय. तो त्यांनी वेगळा जोडून, डोळे मिटून, कान लावून ऐकला. “नाही मारत शिट्टी,” ते म्हणाले. मग जरा घुटमळले. “काकू, एक सांगू का? ह्याच्यापेक्षा हे दुसरं कॅबिनेट घ्या. आणखी गार राहील. एक इंचच उंच आहे.”

“नको,” मी म्हणाले. “एक इंच पण नको.”

घरी आले तेव्हा चंदना धडा संपवून बाहेर आली होती. मी खोकी कॉटवर ठेवली. तिनं वरचं कॅबिनेट बघितलं, मग मला.

“हे काय, आई? हा तर लहान आहे.”

“तिथलं टेबल केवढं आहे?” मी विचारलं.

“कुठलं टेबल?”

“पुण्यातलं.”

ती कॉटच्या कडेला बसली. खोक्यावरची चिकटपट्टी नखानं खरवडू लागली.

“टेबल नाहीये,” ती म्हणाली. “खिडकीला रुंद कट्टा आहे, त्यावर ठेवायचा. घर लहान आहे, आई. एक खोली आणि स्वयंपाकघर. त्याचे वडील बाहेरच्या खोलीतच झोपतात. दुपारी पण. त्यांना बरं नसतं.”

“म्हणून आवाज नको.”

“होय.”

“आणि मी समजत होते, धड्यांसाठी.”

“धड्यांसाठी पण.”

“नाव घे की त्याचं. मी काय खाणार आहे त्याला?”

“श्रेणिक,” ती म्हणाली. तिनं ते नाव या घरात पहिल्यांदा घेतलं.

“प्लेट विसळणारा.”

ती हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. मी जवळ बसले. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी बिल घडी घालून ठेवत बसले.

“पण मी जाणार नाही,” ती डोळे पुसून मोठ्यानं म्हणाली. “तुम्हाला बेल ऐकू येत नाही. कुकर ऐकू येत नाही. उद्या काही झालं म्हणजे?”

“ओरडू नकोस. एवढी बहिरी नाही मी.”

“मी जाणार नाही.”

“बेल बदलून घेईन. घर दणाणेल असा ठणाणा करणारी बसवीन. कानाला यंत्र लावीन. ते पण तूच निवडून दे. लहान आणि बिनआवाजाचं.” ती हसली नाही. तेव्हा मी सरळच बोलले, “चंदना, तू माझ्याशी भांडेनाशी झालीस. तसं राहण्यापेक्षा तू गेलेली बरी. फोनवर भांडू.”

तिनं, मी ज्याला भीत होते तेच विचारलं.

“आणि संध्याकाळी? जेवण झाल्यावर काय करणार तुम्ही?”

मी बिलाची आणखी एक घडी घातली.

“बघू की,” मी म्हणाले.

रविवारी तिनं जमिनीवर चादर अंथरून कॉम्प्युटर जोडला. मी बॅटरीचा उजेड धरून बसले. एवढ्याशा डब्यात इतक्या वायरी कशा बसणार म्हणून मी दोनदा टोकलं आणि ती दोन्ही वेळा माझ्यावर खेकसली. बरं वाटलं. झाकण लावून तिनं बटण दाबलं. मला काही ऐकू येईना. मी तिच्या तोंडाकडे बघितलं; ती मान एका बाजूला करून ऐकत होती.

“चालू आहे?”

“आहे.”

“शिट्टी?”

“नाही. काहीच आवाज नाही.”

मी त्याच्या जाळीवर तळहात ठेवला. थोडी ऊब लागली. म्हणजे चालू होता.

लग्न साधंच झालं, माघ महिन्यात, देवळाच्या सभागृहात. कुणी काही बोललं नाही. बोलू पाहणाऱ्यांकडे मी अशी बघत होते की त्यांनी वाढून घेतलेलं मुकाट्यानं खाल्लं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पुण्याला निघाली. श्रेणिकनं सामान डिकीत भरलं, पण कॉम्प्युटर चंदनानं दिला नाही. माझ्या एका जुन्या सुती साडीत गुंडाळून तो मांडीवर घेऊन बसली. मी गाडीच्या काचेपाशी उभी होते. कानाचं यंत्र अजून यायचं होतं. गाडी सुरू झाली, मागून एक ट्रक हॉर्न देत होता आणि श्रेणिक गाडी पुढे घेऊ लागला.

तेवढ्यात चंदना काच अर्धी खाली करून काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलताना मी बघितले. वाक्य लहान होतं आणि शेवटी तिची भुवई वर गेली होती, म्हणजे ते विचारणं होतं. मला शब्द ऐकू आले नाहीत. ‘काय?’ असं मी विचारलं असतं तर ती गाडी थांबवून उतरली असती, तिला माझे कान आठवले असते, आणि मग कदाचित ती गेलीच नसती. म्हणून मी हसून जोरजोरात मान डोलावली आणि “होय, होय,” म्हणाले.

तिनं डोळे मिटून एकदा मान हलवली आणि काच वर केली.

यंत्र पुढच्या महिन्यात आलं. चांगलं आहे, बारीक बारीक सगळं ऐकू येतं. घरात ऐकण्यासारखं काही नसतं ही गोष्ट वेगळी. चंदना फोन करते, भांडते. तिला आता मुलगी आहे, तीही फोनवर माझ्याशी भांडते. त्या दिवशी गाडीच्या काचेतून काय म्हणालीस, हे या सगळ्या वर्षांत चंदनाला विचारावं असं कितीदा तरी मनात आलं. ‘राहाल ना नीट?’ असं असेल. ‘येताय का तुम्ही पण?’ असंही असेल. जेवण होऊन मी कट्ट्यावर येते, ऊन अजून असतं, आणि मी ती दोन्ही वाक्यं तिच्या त्या ओठांवर बसवून बघते. दोन्ही बसतात.